बोनेटवरचा साथिया

अहो थांबा थांबा, तो कप ठेवा खाली, पिऊ नका, त्या कपात मी सकाळी शाम्पू कालवला होता. धुतलाय तसा, पण आमच्या धुण्याचा भरवसा नाही, आम्ही गाड्यावाले, कप धुवायला घेतला तरी बाहेरनंच चमकवतो. हा घ्या दुसरा. पहिल्या भेटीत फेस पाजला असता तुम्हाला. आमची सुनंदा बोलते ते खोटं नाही, तुमचा हात पुढं पळतो आणि डोकं मागनं चालत येतं. सुनंदा म्हणजे बायको.

तर गाव आमचं महाडच्या पलीकडे. वडील लोकांच्या दरवाज्या-खिडक्यांना रंग द्यायचे, लग्नसराई आली की जेवायला उसंत नाही. म्हणजे रंग घरातलाच, पण वडील रंग चढवायचे आणि मी चढलेला जपतो, एवढाच फरक. दहावीपर्यंत गेलो, पुढं दहावी गेली तिच्या वाटेनं आणि मी माझ्या. मामानं भाईंदरला आणला, वरसाव्याला एका गॅरेजात चिकटवला, तिथं ठोकलेल्या पत्र्यावर पॉलिश पेपर घासून घासून माझ्या बोटांचे ठसेसुद्धा गेले असतील. पुढं हे डिटेलिंग आलं, म्हणजे गाडी घासून-पुसून नव्यासारखी करून द्यायची, मग नया नगरच्या मागं हा गाळा भाड्यानं घेतला, एकट्याचाच कारभार, मालक मी, नोकर मी, आणि चहा आणणारा पण मीच.

सीलंट म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडीच्या रंगावर एक पातळ थर द्यायचा, डोळ्याला दिसत नाही, पण पाणी टाकलं की अळूच्या पानावर टाकल्यासारखं थेंब थेंब होऊन पळतं. काही महिन्यांनी तो थर दमतो, मग जुना उतरवून नवा द्यायचा. लोकांना वाटतं लावणं कठीण. लावणं काय हो, सावलीत गाडी घ्या, थोडं थोडं लावा, सुकायच्या आत फडक्यानं पुसा, झालं. मी पहिल्यांदा भर उन्हात अख्ख्या गाडीला एकदम फासलं होतं, टोपात वाळलेलं पिठलं खरवडावं तसं दुपारभर खरवडत बसलो, ते सोडा. पण उतरवणं म्हणजे खरं काम. आधी कडक शाम्पू, मग तो मातीसारखा गोळा असतो तो ओला करून पत्र्यावर फिरवायचा, मग स्पिरिट, आणि तरीही काही राहिलं असलं तर मशीननं पॉलिश. पत्रा कसा कोरा झाला पाहिजे.

आणि त्यात माझी एक खासियत होती. होती बोलतो, आता तिचं नाव काढत नाही. नवीन गाडी आली की आपल्याकडे पूजा होते, बोनेटवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढतात, हार, नारळ, चाकाखाली लिंबू. गाडी पांढरी असली आणि कुंकू उन्हात तसंच राहिलं की त्याचा रंग आत मुरतो, धुऊन जात नाही, गुलाबी डाग राहतो. असे डाग घेऊन लोक माझ्याकडे यायचे, थेट दहिसरवरनं यायचे, आणि मी असा काढायचो की देवालासुद्धा शंका यावी इथं पूजा झाली होती की नाही. आणि त्याची काय फुशारकी मारायचो मी, काय सांगू तुम्हाला.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. इथल्याच इंद्रलोक वसाहतीतल्या हेतलबेन आल्या, शिकवण्या घेतात लहान मुलांच्या, पांढरी छोटी गाडी, स्वतः चालवतात. आधी दुसरीकडे कुठं सीलंट मारलेलं, ते उतरवून नवीन द्यायचं होतं. बोनेटवर फिक्का गुलाबी साथिया होता, गुजराती लोक स्वस्तिकाला साथिया बोलतात. वेडावाकडा होता, एक हात आखूड, एक भलतीकडं गेलेला. त्या बोलल्या, प्रकाशभाई, पूरी गाडी करो लेकिन इसको मत छूना, ये मेरी बा ने निकाला था, आखिर में उसको दिखता नहीं था, उंगली से टटोल टटोल के निकाला, अब बा नहीं है. बा म्हणजे त्यांची आई. सगळं बोलल्या हो त्या, नीट बोलल्या. आणि मी त्या वेळी काय करत होतो? मी त्यांना सांगत होतो की बेन, दाग की चिंता मत करो, पिछले महिने एक गाडी का ऐसा दाग निकाला के मालिक पहचाना नहीं. त्या त्यांचं बोलतायत, मी माझं बोलतोय, आणि मान डोलवतोय. ऐकलं मी, नाही असं नाही, पण कानानं ऐकलं आणि तिथंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेतली, शाम्पू, गोळा, स्पिरिट, आणि बोनेटवर आलो तसं हातानं मशीन उचललं. दहा मिनिटं. हाताला सवय हो. गाणं गुणगुणत होतो मी, हे पण सांगतो, लपवत नाही. मग अख्ख्या गाडीला नवीन सीलंट दिलं, फडकं मारलं, मागं सरकून बघितलं आणि स्वतःशीच बोललो, वा. तेवढ्यात फोन आला, प्रकाशभाई, हो गया क्या, बा का साथिया ठीक है ना?

मी बोललो, हां हां बेन, एकदम ठीक.

पाहा, चूक तर चूक, ती कुणाच्याही हातनं होते. पण तो हां हां कुणी बोलायला लावला होता मला?

फोन ठेवला, गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि घरी पळालो, मागच्याच गल्लीत घर. सुनंदाचा कुंकवाचा करंडा उचलला. तिनं विचारलं कशाला, बोललो गिऱ्हाइकाची पूजा आहे. परत येऊन कुंकू पाण्यात कालवलं आणि बोटानं काढायला गेलो तर ते धरेचना. लाल पाण्याचे थेंब झाले आणि घरंगळत खाली. माझंच सीलंट, इतकं चांगलं बसलेलं की माझंच खोटं टिकू देईना. मग स्पिरिट घेऊन हातभर जागेवरचं सीलंट उतरवलं, पुन्हा काढलं. वाकडं काढायला गेलो, ते पण जमेना हो, डोळे असलेल्या माणसाचं वाकडं वेगळंच दिसतं. डोळे मिटूनसुद्धा काढून बघितलं, पुसलं, पुन्हा काढलं. शेवटी गाडी उन्हात लावली, दुपार जाऊ दिली, धुतली, फिक्का गुलाबी रंग राहिला, त्याच्यावर सीलंट. आता बघणाऱ्याला काय कळणार.

हेतलबेन आल्या. बोनेटसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि डोळ्यांत पाणी. बोलल्या, कितना साफ दिखता है अब, जैसे बा ने आज ही निकाला. आणि पिशवीतनं थेपल्यांचा डबा काढून माझ्या हातात दिला, भाभी के लिए. घेतला मी. हात कसा पुढं झाला माझं मला माहीत.

घरी डबा ओट्यावर ठेवला. सुनंदा बोलली, गरम आहेत, खा ना. मी बोललो भूक नाही. वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं माझ्या तोंडनं ऐकलेलं नव्हतं, तिनं गॅस बंद केला आणि समोर बसली. सांगितलं सगळं. मला वाटलं ओरडेल, तर हळू आवाजात बोलली, माझ्या करंड्यातलं कुंकू नेलंत तुम्ही याच्यासाठी? मग बोलली, आणि ती बाई आता रोज सकाळी हात जोडणार, ते कुणाच्या बोटाला? तुमच्या.

तुमच्यासमोर बोलतोय, पण आतासुद्धा मान वर होत नाही बघा. दोन दिवस मी टाळलं. दोन दिवस डोळ्यांसमोर ती बाई, माझ्या बोटाच्या पाया पडतेय.

तिसऱ्या दिवशी इंद्रलोकला गेलो. पार्किंगमध्येच भेटल्या, शिकवणीला निघाल्या होत्या. मी बोललो, बेन, बा का साथिया मेरे हाथ से मिट गया, ये मैंने निकाला है, और आपसे झूठ बोला. एका दमात बोललो, नाहीतर पुन्हा हां हां निघालं असतं. त्या गाडीकडे बघत राहिल्या. मग बोनेटवर बोट ठेवलं, माझ्या साथियाच्या वीतभर खाली, आणि बोलल्या, बा का इधर था. मुझे लगा धूप में ऐसा दिखता होगा.

मला वाटलं आता आरडाओरडा होईल, सोसायटी गोळा होईल, व्हायला हवी होती खरं तर. त्या फक्त एवढंच बोलल्या, कल लाती हूँ, मिटा दो.

आणली त्यांनी गाडी. मी स्टूल दिलं तर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या, मी पुसताना बघत. तेच स्पिरिट, तेच मशीन, तीच दहा मिनिटं, पण या वेळी प्रत्येक फेरा माझ्या छातीवरनं फिरत होता. बोनेट कोरं झालं. मी विचारलं, सीलंट दूँ? बोलल्या, नहीं, रहने दो. तिथं खाली, जिथं बोट ठेवलं होतं, तिथं त्यांनी पंजा टेकला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि गाडी काढून गेल्या. माफ केलं बोलल्या नाहीत, नाही केलं असंही नाही.

त्यानंतर त्या आलेल्या नाहीत. रस्त्यात गाडी दिसते कधी कधी, मी मान खाली घालतो. आता कुणी कुंकवाची गाडी आणली की आधी विचारतो, कुणी काढलं हो हे? लोक हसतात, बोलतात, तुला काय करायचंय, पुस. तरी विचारतो.

त्या दिवशी घरी जाऊन सुनंदाला सगळं सांगितलं, पंजा टेकला ते पण, आणि बोललो, माझ्यामुळं त्या बाईकडे आईचं काहीच राहिलं नाही गं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली, जागा ठाऊक आहे ना तिला, वीतभर इकडं नाही नि तिकडं नाही? मग ते तुमच्या मशीननं जाणारं नव्हतंच. त्या हां हां मध्ये तुमचं जे गेलंय ते बघा आता, आणि हात धुऊन या, जेवायला वाढते.