रेलिक्टचा रकाना

घर नावावर करायच्या खिडकीपुढची रांग काही केल्या हलेना, तेव्हा मागे उभ्या शिंप्याच्या कानावर पुढच्या आत्या-भाच्याचं बोलणं आपसूक पडत राहिलं.

“आत्या, अर्जात ‘रेलिक्ट’पुढे तू स्वतःचं नाव घातलंस?”

“डिक्शनरी बघून घातलं. गेलेल्या माणसाच्या मागे उरलेली. तुझ्या काकामागे मीच उरले ना?”

“अगं, तसं नाही. तो शब्द फक्त विधवेसाठी वापरतात. काकांनी तर लग्नच केलं नव्हतं.”

“मला सांगतोस? एकतीस वर्षं त्याला मीच रांधून घातलंय.”

“पण असा अर्ज परत येईल. घर हातचं जाईल.”

“मग मागे उरलेल्या बहिणीला काय म्हणतात?”

“तिला वेगळा शब्द नाही. तुझं नाव खोड आणि रकाना रिकामा सोड.”

“रिकामा? पेन आण इकडे.”

“अगं, नाव खोड म्हटलं! छापलेला शब्द काय खोडतेस?”

“तुझ्या काकानं जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. चुकीचं छापलं असेल तर ते खोडायचं आणि समासात बरोबर लिहायचं.”

“काय लिहिलंस?”

“‘बहीण.’ सरक आता, आपला नंबर आला.”