बायकोला नावेत बसवलं तेव्हा

नाव वल्हवायचा विषय निघाला की मी गप्प बसतो राव, त्याचं कारण आज सांगूनच टाकतो.

आमच्या मोशीच्या बाजूला नदीवर बंधारा घातला, तो उन्हाळ्यातही नाव चालावी म्हणून. माझं नुकतंच लग्न झालेलं, पिंपरीला कंपनीत नोकरी, त्यामुळे अंगात मस्ती. बायकोला माहेराहून घेऊन नदीवर आलो, घर पलीकडच्या काठाला, तर नावाडी जेवायला गेलेला. म्हटलं, "बस, मीच नेतो."

मध्यावर वल्हं हातातून सुटलं आणि नाव सांडव्याकडे निघाली. पावसाळा नुकताच सरलेला, तिथून पाणी धो धो खाली पडत होतं. मी दोन्ही हातांनी नावेची कड धरली आणि डोळे मिटले.

बायको कोकणातली, खाडीकाठची. ती म्हणाली, "अहो, जरा सरका." नावेतला लांब बांबू तळाला रेटत तिनं नाव काठाला लावली.

तेवढ्यात आई काठावर पोचली. "कुनी आनली रं नाव?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "ह्यांनीच."

मी छाती काढून उतरलो. आईनं सुनेचे चिखलानं भरलेले हात पाहिले, मग माझे पाहिले.

"व्हय," ती म्हणाली, "आन् आता ह्याला हाताला धरून घरापातूर बी तूच ने, बाई."