गेलेल्या विमानामागे केर काढू नये

…नाही, केर काढायला माझी मुळीच ना नाही, तुम्हाला सांगतो, पण कलकत्त्याबाहेर, बजबजच्या रस्त्याला, भर उन्हात, एका बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात, जिथे पूर्वी लॉऱ्या उभ्या राहत त्या लांबलचक काँक्रीटच्या पट्टीवर, ज्याला लोक लोकसाहित्यावर बोलायला बोलावतात अशा माणसाने कमरेत वाकून एकेक खडा वेचावा, आणि मागून मेव्हण्याने म्हणावं, "भाऊजी, तो राहिला बघा, डाव्या पायाशी"… आता हा खडा केवढा? मुगाच्या डाळीएवढा. वाकलो. उचलला. खिशात टाकला. म्हणजे विद्वत्तेचा शेवट कशात होतो, तर खिशात खडे घेऊन हिंडण्यात.

आणि हे कशासाठी? तर अजेयचं जेट उडायचं होतं.

अजेय माझा मेव्हणा, म्हणजे आमच्या विनीताचा धाकटा भाऊ. सरकारी अधिकारी. बदली होऊन कलकत्त्याला आला तेव्हापासून बेहालाला आमच्याकडेच राहायचा, आणि लेकाच्या मागोमाग सासूबाईही आल्या. दिवसभर फायली बघायचा आणि संध्याकाळी रिमोटवर उडणारं विमान घेऊन बसायचा. साधं नव्हे, जेट. साध्या विमानाचा पंखा नाकावर असतो, तो दिसतो, त्याच्यापासून माणूस लांब राहतो. ह्या जेटचा पंखा पोटात, एका नळीत बसवलेला. दोन्ही कुशींना दोन तोंडं. त्यातून हवा आत ओढायची आणि शेपटीतून मागे फेकायची, की झालं उड्डाण. अडचण एवढीच, की हवेबरोबर आत काय येतंय याची तो पंखा चौकशी करत नाही. पंखा समोर येईल ते ओढतो. मागच्या वेळी पुढच्या चाकाने उडवलेला एक खडा आत गेला, 'खर्र' असा आवाज झाला, आणि पंखा बाहेर काढून पाहिला तर… कुणाची तरी कवळी जिन्यावरून पडल्यासारखी त्याची पाती.

मग उपाय सुरू झाले. तोंडांना जाळी लावली. जाळीने हवा अडायला लागली. जेट पट्टीच्या टोकापर्यंत जिवाच्या आकांताने पळायचं आणि उठायचंच नाही, सुटलेल्या बसमागे धावणाऱ्या गृहस्थासारखं. जाळी काढली. पुढच्या चाकामागे रबराची झालर लावली, ट्रकच्या चाकामागे असते तशी, उडालेला खडा तिथेच अडावा म्हणून. विनीता म्हणाली, "मागे 'हॉर्न प्लीज' पण लिहून देऊ का?" अजेय हसला नाही. अजेयने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, आता एकच उपाय. पट्टी झाडायची."

म्हणून मी झाडत होतो. आणि त्या दिवशी झाडण्याला महत्त्वही होतं, ते कबूल करतो. अजेयची शिलाँगला बदली झालेली. बुधवारी हावड्याहून गाडी. तिकडे सगळा डोंगर. पट्टी कुठून मिळणार? तेव्हा जेट आमच्याकडे ठेवून जायचं, पण त्याआधी, नवा पंखा बसवून महिनोन्‌महिने ज्याच्या मागे लागला होता ते जेट, एकदा, एकदाच, धड उडून धड उतरलेलं त्याला बघायचं होतं. मला म्हणाला होता, "मोडकं टाकून जायचं नाहीये मला, भाऊजी." एवढंच म्हणाला, पण दोनदा म्हणाला.

तर शेवटचं उड्डाण म्हणून सगळं घर पट्टीवर. विनीता, सासूबाई, आणि शेजारच्या शिखाबौदी. बौदी म्हणजे वहिनी. ह्या आमच्या सबंध मजल्याच्या वहिनी आहेत. सासूबाईंनी पिशवीतून नारळ काढला. म्हटलं, आई, फाटकाबाहेर फोडू, करवंटीचे तुकडे उडतात, आणि पंखा समोर येईल ते ओढतो. त्यांनी मानलं. मग लिंबू काढलं, चाकाखाली ठेवायला. म्हटलं, आई, लिंबात बिया असतात. त्यावर काय म्हणाव्यात? "बिया काढून देते." आता अशा श्रद्धेपुढे कोणता युक्तिवाद टिकतो? टिकत नाही. लिंबू मी खिशात टाकलं, खड्यांशेजारी.

"अजेय, त्याला 'येतो' म्हणायला सांग," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते विमान आहे."

"मग तू म्हण त्याच्या वतीने."

आणि अजेय, सरकारी अधिकारी, हातात रिमोट धरून, घसा खाकरून म्हणाला, "येतो." शिखाबौदींना कोण आनंद. "आमराओ तो 'आशि' बोलि, माशीमा." म्हणजे आम्हीही 'येते'च म्हणतो, मावशी. आता हे मला नवीन होतं का? नव्हतं. जाणाऱ्याने 'जातो' म्हणायचं नाही, हा संकेत गोदावरीकाठी आहे तसा गंगेकाठीही आहे, हे मी छापून आणलेलं आहे… पण छापताना माझ्या खिशात लिंबू नव्हतं.

सुटलं जेट. आवाज कसा, तर मिक्सरमध्ये शिट्टी अडकावी तसा. झालर फडफडली. पट्टी लख्ख. खडा नाही, काडी नाही. नाक उचललं, चाकं सुटली, वर गेलं… आणि मी पाठ सरळ करतोय तोच मागून ऐकू आलं, "दुग्गा, दुग्गा." म्हणजे दुर्गा, दुर्गा; निघणाऱ्याला इथे असाच निरोप देतात. वळून बघतो तर शिखाबौदींनी पदरातलं धान आणि दूर्वा पट्टीवर उधळल्या होत्या. ते बघून आमच्या सासूबाई मागे राहतात होय? त्यांनी अक्षतांची वाटी उपडी केली. नदीकडून वारा होता. दाणे असे पसरले, तुम्हाला सांगतो, की बीज पेरायला माणूस लावला असता तरी इतकं समान पेरलं गेलं नसतं.

अजेयची नजर आभाळात. ती तिथून हलवता येत नाही. "काय सांडलं?" त्याने विचारलं.

"काही नाही," विनीता म्हणाली. "आशीर्वाद."

"किती?"

"पसाभर."

"भाऊजी, झाडून घ्या. बॅटरी फार नाही चालत."

आता बघा. तांदळाचा तोच दाणा. ताटात असला की अन्न. डोक्यावर पडला की आशीर्वाद. जमिनीवर पडला की केर. आणि पंख्याच्या तोंडाशी गेला की खडा. वस्तू बदललेली नाही, जागा बदलली. ह्यावर तासभर बोलता येईल, आणि इतर वेळी मी बोललोही असतो. पण पंखा समोर येईल ते ओढतो, म्हणून मी मुकाट्याने केरसुणीला हात घातला. केरसुणी हलेना. दुसरं टोक सासूबाईंच्या हातात होतं.

"थांबा, भालचंद्रराव. गेलेल्यामागे केर काढायचा नसतो."

"आई, हा केर नाही. तांदूळ आहेत."

"तांदूळ आहेत तर झाडता कशाला?"

घ्या. म्हटलं, दुसरीकडून जाऊ. पण त्याच आल्या दुसरीकडून. "तुम्हीच नाही का सांगितलंत गणपतीत, मंडळात, माइकवर? की माणूस घराबाहेर पडल्या पडल्या झाडलं, तर त्यालाच घरातून झाडून काढल्यासारखं होतं?"

"'अशी समजूत आहे' असं म्हणालो होतो मी, आई."

"मग? आहेच ना समजूत?"

वरून अजेय गेला, म्हणजे जेट गेलं, शिट्टी घालत. मी म्हटलं, आई, ह्याला अपवाद सांगितलेला आहे, गेलेल्याने वेस ओलांडली की झाडता येतं. त्या वर बघून म्हणाल्या, "कुठे ओलांडतंय? डोक्यावरच तर फिरतंय." मी म्हटलं, बरोबर, म्हणजेच ते अजून गेलेलंच नाही, आणि जे गेलं नाही त्याच्यामागे झाडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा मुद्दा मला फार आवडला होता. इतका, की मी विनीताकडे पाहिलं. विनीता दुसरीकडे बघत होती.

"गेलं नाही म्हणता," सासूबाई म्हणाल्या, "मग टेकलंय कुठे?"

"ठीक बोलेछेन, माशीमा," शिखाबौदी म्हणाल्या.

"भाऊजी, एवढी एकच फेरी जमेल," अजेय म्हणाला. आवाज शांत होता, पण मान ताठ झालेली.

मी केरसुणी जरा ओढली. त्यांनी सोडली नाही. आणि मग सासूबाई हळू आवाजात, जणू एकट्या माझ्याशीच, म्हणाल्या, "बुधवारी तो गेला की मी घरात कुणाला झाडू देणार नाहीये. आज इथे त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या वस्तूमागे तुम्ही झाडायला लागलात, तर ती सुरुवात होते, भालचंद्रराव."

अभ्यासकाला एक खोड असते, कुठलीही समजूत दिसली की तिचा उगम शोधायचा. ग्रंथालयं पालथी घालतो आपण. इथे उगम समोर उभा होता, केरसुणी धरून. मी हात सोडला.

अजेयने ऐकलं होतं. म्हणाला, "राहू दे, भाऊजी. पंखा बंद करून उतरवतो."

पंखा बंद म्हणजे ओढणं बंद, दाणे आहेत तिथे राहणार. पण पंखा बंद म्हणजे जोरही बंद. चुकलं तर पुन्हा वर घेता येत नाही. पट्टीअलीकडे सगळी झुडपं आणि मोडक्या विटा. एकच संधी. शिट्टी थांबली. जेट गोदामाच्या छपरावरून आलं, नुसतं तरंगत, थोडं डावीकडे, मग सरळ, आणि अजेयचे ओठ हलत होते, काय म्हणत होता देव जाणे. चाकं टेकली. दाणे त्यांच्याखाली कुटकुट वाजले. पळत पळत पट्टीच्या टोकाला गेलं, गवतात नाक खुपसलं आणि थांबलं.

अजेय चालत गेला. पंखा चालवून जेट आणता आलं असतं. त्याने आणलं नाही. दोन्ही हातांवर उचलून घेतलं, कुशीतल्या तोंडांत डोकावला, बोटाने पंखा हळूच फिरवला, आणि म्हणाला, "धड आहे." मग पुन्हा म्हणाला, "धड आहे, आई."

"बघा," सासूबाई मला म्हणाल्या. "आणि झाडायला निघाला होतात."

"आई, पंखा बंद होता म्हणून वाचलं."

"पंखा बंद का केला त्याने? झाडलं नव्हतं म्हणूनच ना?"

ह्या तर्कातला दोष मी तेव्हापासून शोधतो आहे. सापडला तर कळवीन.

बुधवारी अजेय गेला. 'येतो' म्हणाला, जिन्यात 'दुग्गा, दुग्गा' झालं, सगळं यथासांग. मी हिशेब केला की गाडी हावड्याहून सुटली म्हणजे वेस ओलांडली. संध्याकाळी घर झाडू. सासूबाई म्हणाल्या, "पोचू दे." पोचल्याचा फोन आला. म्हणाल्या, "गेस्टहाउसात उतरलाय तो. त्याला काय पोचणं म्हणतात? क्वार्टर मिळू दे. सामान लागू दे." तेव्हापासून आमचं घर तसंच आहे. कामाला येणारी मीनूदी केरसुणीकडे बघते, सासूबाईंकडे बघते, आणि भांडी घासून निघून जाते. आम्ही घरात चपला घालून वावरतो. पुस्तकांवर तर आता बोटाने टिपणं काढता येतील.

काल शेवटी मीच अजेयला फोन लावला. म्हटलं, बाबा रे, त्या क्वार्टरचं काय झालं? म्हणाला, "मिळालंय, भाऊजी, पण आधीचे लोक अजून हलले नाहीत. रविवारी निघतायत." इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, उत्तम, ते निघाले की लगेच झाडून घे आणि राहायला जा.

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. "लगेच नको म्हणावं," त्या म्हणाल्या. "परकी असली तरी माणसंच आहेत ती. आधी त्यांना पोचू दे."

मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि झोपायला गेलो.