कानपिळीचा मान

हॅलो?… हॅलो, कोण?… अक्का! बोल, बोल. बेळगावहून एसटीडी आज एका दमात लागली म्हणायची… हो, मी वासूच. बसवनगुडीत माझ्याकडे दुसरं कोण उचलणार दुपारचा फोन?

हो, पत्रिका वाटून झाल्या… मुग्धा मजेत आहे. नवरीला काय होतंय?… कार्यालय तेच गं, बाजाराजवळचं…

काय? संताजीचा सूट?… तुझ्या लेकाला सूट कशाला आत्ताच?… कानपिळीसाठी? अगं, पण… शिवूनसुद्धा झाला?

नाही, नाही. मी 'हो' नव्हतो म्हणालो. 'बघू' म्हणालो होतो… अगं ऐक ना… हो, माझं 'बघू' म्हणजे आजवर 'हो'च असायचं, ते खरं. माझंच चुकलं.

संताजी चांगलाच आहे. उंच आहे, मिशी आहे, सगळं मान्य. पण अक्का, नवऱ्याचा कान नवरीच्या भावाने पिळायचा असतो. आणि मुग्धाला सख्खा भाऊ आहे… आहे म्हणजे? आहे गं. अठ्ठावीस वर्षांपासून आहे.

कसा पिळणार म्हणजे? हाताने. राजसला पोलिओ पायांना झाला. कान काही पायाने पिळत नाहीत.

नाही, थट्टा नाही करत…

हो, स्टेजला पाच पायऱ्या आहेत. मोजल्यात मी. पण डेकोरेशनवाला यल्लाप्पा आहे ना, त्याच्याकडे एक रुंद फळी आहे. रिसेप्शनची ती सोनेरी सिंहासनं असतात बघ, ती त्या फळीवरूनच ढकलत वर नेतात. राजसची चाकाची खुर्ची त्याच्या निम्मीसुद्धा नाही वजनाला. यल्लाप्पा म्हणाला, 'स्वल्प तिरकी लावू, सरी?' मी म्हटलं, सरी, ठीक आहे. झालं. एका मिनिटाचं काम… हो ना, इतक्या लग्नांत कुणी फळी मागितली नाही त्याच्याकडे. खुर्चीवाल्याला खाली बसवतात, आणि रिकाम्या सिंहासनाला वर चढवतात.

फोटोत?… हो, फोटोत खुर्ची दिसेल. व्हिडिओतही दिसेल. कॅसेट पुसून टाकू का?… नाही, उलट नाही बोलत.

दमेल?… अक्का, तो बाजूला दोन चाकं लावलेल्या स्कूटरवरून रोज इंदिरानगरला जातो. दहा-दहा तास कॉम्प्युटरपुढे बसतो. एक कान पिळून कसा दमेल?… त्याला वाईट वाटेल? कशाने?… लोक बघतील म्हणून. मग लोकांना सांगूया ना, जेवणाकडे बघा म्हणून.

चंद्राबाईंचं औषधी तेल? लावलं की पायांना. सहा वर्षं लावलं. गाद्या खराब झाल्या… अगं, पण तो आजारी नाहीये!

हं, बरं आठवलं. विहीणबाईंना तू फोन केला होतास का?… स्मिताताईंना नेमकं काय सांगितलंस?… 'नवरीच्या भावाला बरं नसतं.' म्हणूनच! परवा त्यांचा मला फोन. कुठल्या हॉस्पिटलात ठेवलंय, येलहंक्याहून संत्री घेऊन येऊ का… साखरपुड्यात त्यांनी राजसला पाहिलं होतं, तासभर गप्पा मारल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, काहीतरी नवीनच झालं! आणि इकडे हा गॅलरीत उभ्या मित्रांशी क्रिकेटवरून भांडत होता, शेजाऱ्यांची झोपमोड होईपर्यंत.

मी?… मी म्हणालो, 'आता बरं आहे.' तेवढंच सुचलं. लाज वाटली नंतर.

रक्तात असेल असं वाटेल त्यांना?… ध्रुवला सगळं माहीत आहे गं. जावईबापू दर रविवारी राजसशी बुद्धिबळ खेळायला येतात. हरून जातात.

मुग्धाचं म्हणणं? तिला राजसच हवाय… राजसचं म्हणणं?…

तू विचारलंस त्याला?… मी? नाही. मीही नाही विचारलं. तीन आठवडे झाले. तुझ्याशी बोललो, भटजींशी बोललो, यल्लाप्पाशी बोललो, कार्यालयाच्या रघुपतींनाही दोनदा भेटून आलो. फळी मापून झाली अक्का, आणि तिच्यावरून जायचं ज्याला, त्यालाच… हो. तेच म्हणतोय.

थांब, आलाच तो. सुट्टी आहे ना आज… काही नाही रे, आत्या आहे, बेळगावहून… अक्का, तो विचारतोय, लग्नात त्याने कुठे बसायचं?

काय?… डावीकडच्या खांबामागे. कूलरपाशी… वारा लागेल तिथे, बरोबर… हं… सांगू त्याला?…

नाही गं. नाही सांगता येत… अगं, समोर आहे तो, माझ्याकडे बघतोय… आहेच मी भित्रा. लहानपणापासून आहे. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणून तर म्हणतो, तू सांग. तुला एवढं स्पष्ट दिसतंय, तर तूच सांग त्याला… काय बोलू म्हणजे? वीस मिनिटं त्याच्याबद्दलच बोलते आहेस ना? आता दोन वाक्यं त्याच्याशी बोल. मी देतो फोन… नाही, नाही, त्याला कामबिम काही नाही. घे रे राजस, आत्याला तुला काही सांगायचंय…

काय?… कुणीच नाही? दे इकडे. हॅलो?… अक्का?… हॅलो?

नाही रे, लाइन गेली नाही. ठेवला तिने.

सांगतो. सांगतो, बस… ध्रुवचा कान पिळायचा असतो, भावाने. स्टेजवर, होमाजवळ, सगळ्यांसमोर. आधी तुलाच विचारायला हवं होतं मी… पिळशील का?

…

एवढ्या जोरात? हळू हं! जावई आहे तो माझा.