रहमतवरचा नुक्ता

वसंतराव : माझ्या बोटाकडे काय बघतोस? थाळाकडे बघ. हे इथे काय आहे?

दौलत : टिंब हाय, सायेब.

वसंतराव : टिंब! सकाळी सातला मला खलिफा सिटीतल्या लग्नघरातून फोन येतो. मी चहा न घेता तिथे धावतो, अर्धा तास उभ्याने शिव्या खातो, हा थाळ गाडीत टाकून शारजात आणतो. आणि तू मला सांगतोस टिंब!

दौलत : मग काय सांगू? टिंबच हाय त्ये.

वसंतराव : वाच. काय लिहिलंय ते वाच.

दौलत : मला फारसी वाचाया येत न्हाई. बारा वरसांत कवा आलीया? ठाऊक हाय तुमाला.

वसंतराव : मलाही येत नाही. पण आज त्यांनी मला शिकवली, पाहुण्यांसमोर उभं करून. कोरायचं काय होतं? 'तुझं घर रहमतने भरून जावो.' रहमत म्हणजे कृपा. आता त्या पहिल्या अक्षरावर हे एक टिंब आलं, त्यांच्या भाषेत नुक्ता, की त्याचं होतं जहमत. जहमत म्हणजे ताप, कटकट, डोक्याची मंडई. नवरीची आजी मूळची शिराझची. काल रात्री तिने थाळ हातात घेतला आणि भर लग्नात मोठ्याने वाचलं, 'तुझं घर कटकटीने भरून जावो.'

दौलत : आयला.

वसंतराव : थांब, अजून आहे. अरबीत जहमा म्हणजे ट्रॅफिक जॅम. तिथली सगळी पोरं नवऱ्यामागे नाचतायत, 'ट्रॅफिक इन द हाऊस! ट्रॅफिक इन द हाऊस!' नवरी स्टेजवर रडायला लागली. हसतोयस?

दौलत : न्हाई. रडली म्हनून सांगताय आन् मी हसंन व्हय?

वसंतराव : एका शब्दात सांग. कोणी मारलं हे? तू की उस्तादांनी?

दौलत : म्या.

वसंतराव : नीट विचार करून बोल.

दौलत : इचार कशाला? थाळ माझ्या म्होरं, हातोडी माझ्या हातात. म्या मारलं. काय करायचं त्ये करा, पन आत्ताच करा. उस्ताद नमाजला गेल्यात, ते यायच्या आत उरका.

वसंतराव : का? ते येईपर्यंत का थांबायचं नाही?

दौलत : म्हातारं मानूस हाय. उगं त्यांच्या म्होरं आरडाओरडा नगं.

वसंतराव : थाळावर सही कोणाची आहे? उस्ताद खैरुद्दीनची. ते तपासतात आणि मगच सही पडते, हा या कारखान्याचा नियम आहे. बॉक्सवर फोटो कोणाचा आहे? त्यांचा. इस्फहानच्या बाजारात शिकलेले उस्ताद म्हणून मी विकतो. मग त्यांना हे दिसलं कसं नाही?

दौलत : त्यांनी बघितलाच न्हाई थाळ. सही बी म्याच मारली.

वसंतराव : काय?

दौलत : घाई होती. तुमीच फोनवर 'यल्ला यल्ला' करत हुता. म्या मारली सही आन् दिला धाडून.

वसंतराव : अरे, खोटी सही! पोलिसात द्यायला पाहिजे तुला! सोनापूरच्या मजूर कॅम्पात लोखंडी सळया बांधत होतास, विसरलास? उस्तादांनी मागितलं म्हणून तुला तिथून काढलं मी.

दौलत : न्हाई इसरलो. म्हनून तर सांगतुय, मला काढा. मी जातो सळया बांधाया. हात हायत माझं.

वसंतराव : वा! मोठा हुतात्मा. आणि मी समजा उस्तादांना काढलं तर? अडुसष्ट वय आहे त्यांचं. दरवर्षी व्हिसा रिन्यू करताना माझी दमछाक होते. आजच कॅन्सल करतो म्हटलं तर?

दौलत : तर ते जातील कुठं? तिकडं गावी, हेरातला, कोन हाय त्यांचं? बायकू मेली, घराचा पत्ता न्हाई. आन् त्यांनी केलंय काय? म्या सांगतुय न्हवं तुमाला, म्याच...

खैरुद्दीन : कोण ओरडतो? रस्त्यावर आवाज येतो. वसंतराव आला काय?

दौलत : काय न्हाई उस्ताद. तुमी आत बसा. रफिक, त्यांना आत ने.

वसंतराव : आत नाही. इथे या, उस्ताद. हा थाळ घ्या हातात. लग्नाचा. बघा आणि मला सांगा, काय चुकलंय.

दौलत : सायेब, आत्ता नगं. हात जोडतो.

वसंतराव : तू गप्प बस. बघा, उस्ताद.

(खैरुद्दीन थाळ उलटा करतो आणि मागच्या बाजूने अंगठा फिरवतो. बराच वेळ.)

वसंतराव : उलटं काय करताय? अक्षरं पुढे आहेत. डोळ्यांनी बघा ना.

खैरुद्दीन : मागून चोट समजतो. आगे सगळे गुळगुळीत दिसते. मागे लपत नाही.

वसंतराव : उस्ताद, मी काय म्हणतोय? डोळ्यांनी. हे माझं बोट. किती बोटं आहेत ही?

दौलत : सायेब! लाज धरा जरा.

वसंतराव : किती बोटं, उस्ताद?

खैरुद्दीन : नाही दिसत. दोन साल झाला. उजेड दिसतो, माणूस नाही दिसत.

वसंतराव : दोन वर्षं! म्हणजे दोन वर्षं माझ्या कारखान्यात एक आंधळा माणूस उस्ताद म्हणून बसलाय? आणि हा हेल्पर रफिक रोज हात धरून मशिदीत नेतो ते काय तर म्हणे दोस्ती आहे! दौलत, तू सांगितलं होतंस मला. दोस्ती!

दौलत : व्हय, सांगितलं! तुमाला तरी कुठं बघायचं हुतं? मागल्या ईदला तुमच्या म्होरं त्यांनी चहा कपाच्या भाईर वतला. तुमी मोबाईल बघत हुता. हितं येता, थाळ मोजता, फोटू काढता आन् जाता. मानसाकडं कवा बघितलंय?

वसंतराव : आवाज खाली!

दौलत : न्हाई व्हनार खाली! दोन वरसं ते कोळशानं कागदावर लिवत्यात, हातानं, सवयीनं. म्या त्ये तांब्यावर उतरवतो, खाली डांबर वततो, कलम धरतो, ठोकतो. त्यांच्याकडं अक्षरं हायत, डोळं न्हाईत. माझ्याकडं डोळं हायत, अक्षर न्हाई. दोघं मिळून एक उस्ताद व्हतो आमी. त्योच तुमी इकला.

खैरुद्दीन : दौलत. हा नुक्ता कोणी मारला?

दौलत : म्या.

खैरुद्दीन : झूट. तुझा चोट मला माहीत. तू हलका मारतो, दोनदा मारतो. हा एकदा मारला, जोरात मारला. हा माझा चोट आहे.

दौलत : न्हाई उस्ताद. तुमाला भास व्हतुय.

खैरुद्दीन : अंगठ्याला भास होत नाही! वसंतराव, ऐक. आमच्यात रिवाज आहे. शागिर्द पुरा थाळ करतो, आखरी चोट उस्तादचा. माझ्या उस्तादने माझ्या कामावर मारला, मी दौलतच्या कामावर मारतो. रहमतच्या बाजूला एक पान होता, त्याच्या मधल्या रेषेवर मारायचा होता. चुकला. चार जौ, चार दाण्याएवढा, इकडे गेला.

वसंतराव : झालं. खलास. आता मला कोणाचंच ऐकायचं नाही. उस्ताद, मी तुमचा मान ठेवून बोलतो, उद्या ऑफिसला या. पेपर करून टाकू.

दौलत : मान ठिऊन! वरून मान ठिऊन!

खैरुद्दीन : तू चूप. तुझ्याशी बोलायचा आहे. मी मारला, मला दिसत नाही. तुला दिसतो. तू बघितला?

दौलत : बघितला.

खैरुद्दीन : मग बोलला का नाही?

दौलत : काय बोलू?

खैरुद्दीन : 'उस्ताद, हितं नुक्ता जास्त हाय.' बस, एवढा! बारा साल मी काय शिकवला तुला? समोर चूक दिसतो आणि तू गप बसतो? मग नंतर झूट बोलतो, मला वाचवतो. मला नको असा वाचवणं! माझ्या नावाने बाईचा लग्न खराब झाला!

दौलत : चूक हाय त्ये मला कळाया नगं? तुमी मारला, म्हनलं उस्तादांनी मारला म्हंजे असंल कायतरी. मला टिंब आन् फूल एकच की वो! कुठलं अक्षराचं, कुठलं नक्षीचं, मला कुनी सांगितलंय?

खैरुद्दीन : विचारायचा होता.

दौलत : इचारायचं हुतं? उस्ताद, आता माझं त्वांड उघडू नगा. तीनदा इचारलं. पयल्या वर्साला इचारलं, अलीफ बे शिकवा. तुमी म्हनला, आधी हात बसू दे. मग हात बसला, तवा इचारलं. म्हनला, नक्षीवाल्याला अक्षराचं काय काम. डोळं गेल्यावर तिसऱ्यांदा इचारलं. म्हनलं, आता तरी शिकवा, माझं डोळं हायत तवर. तुमी चार दिवस बोलला न्हाई माझ्याशी.

वसंतराव : हे मला माहीत नव्हतं.

दौलत : तुमाला काय म्हाईत हाय! म्या अंगठाछाप न्हाई. सातवी पास हाय, मराठी पेपर घडाघडा वाचतो. बारा वरसं हातात कलम हाय, छिन्नीला हितं कलमच म्हनत्यात, आन् मी काय लिवतुय त्ये मला ठावं न्हाई! हे उस्ताद माझ्याकडनं मराठी शिकलं. माझ्या तोंडाकडं बघून, माझं शबुद उचलून. मी कधी न्हाई म्हनलो का? आन् तुमी मला बत्तीस अक्षरं दिली न्हाईत. का? सांगा की. आज सायबाच्या म्होरंच सांगा.

(खैरुद्दीन थाळ खाली ठेवतो.)

दौलत : का, उस्ताद?

खैरुद्दीन : हात तुला दिला. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला झाला, सहा साल आधीच. मला समजला. मग डोळे गेले. हर्फ, अक्षर पण दिला तर माझ्याजवळ काय राहतो? वसंतराव दुसऱ्या दिवशी मला विमानात बसवतो. तू पण नाही विचारत मला. म्हणून नाही दिला.

दौलत : ऐकलं का सायेब? ह्या मानसासाठी म्या खोटी सही कबूल केली. पोलिसात जायाची तयारी केली!

खैरुद्दीन : होय. माझा गुनाह आहे.

दौलत : गुनाह म्हनू नगा! त्यो शबुद लई सोपा हाय. तुमी मला आडानी ठिवलं. जानूनबुजून. माझा बाप असता तर त्यालाबी सोडला नसता म्या.

वसंतराव : दौलत, आता तुला कळलं ना? मी सुटसुटीत सांगतो. ते गेले हेरातला. तू उस्ताद. बॉक्सवर तुझा फोटो टाकू. अक्षरं कम्प्युटरवरून काढू, प्रिंट काढायची, चिकटवायची, ठोकायची. लेझर मशीनचं कोटेशनही आलंय माझ्याकडे.

दौलत : प्रिंटात चूक असली तर कोन वाचनार?

वसंतराव : बघू नंतर.

दौलत : न्हाई. म्हंजे परत तेच. परत मी आंधळ्यावानी ठोकनार. न्हाई सायेब. ते जानार न्हाईत.

वसंतराव : आत्ता तर शिव्या देत होतास त्यांना!

दौलत : देनारच हाय. रोज देनार हाय. पन ते गेलं तर अक्षरं बी संगं जातील. मग म्या कुनाला शिव्या देऊ, लेझर मशीनीला? माझी अक्षरं दिल्याबिगर त्यांनी हितनं हलायचं न्हाई. आन् तुमी त्यांना हलवलं तर हा थाळ तुमीच ठोका.

वसंतराव : धमकी देतोस?

दौलत : व्हय.

वसंतराव : त्या आजीने एक संधी दिलीय. गुरुवार संध्याकाळपर्यंत नवा थाळ पाहिजे. ज्याने केला त्यानेच घेऊन यायचं, असंही म्हणाली. नाही जमलं तर शहरभर सांगेल ती बाई.

दौलत : मग गुरवारी मी जातो. आन् उस्ताद बी येत्यात. दोघांनी केलाय, दोघं जाऊ.

वसंतराव : आणि व्हिसा?

दौलत : उस्ताद, अक्षरं शिकाया किती दिस लागत्यात?

खैरुद्दीन : हर्फ आठ दिवसात. हात बसायला एक साल.

दौलत : ऐकलं का? एक साल. लावा शिक्का.

वसंतराव : तुम्हा दोघांना मी... इन्शाल्ला, एक दिवस मी हा कारखानाच बंद करणार आहे. गुरुवारी पाच वाजता. आणि जास्तीचं एक टिंब जरी दिसलं ना, दौलत, तर तू, उस्ताद, दोघेही एकाच विमानात. निघतो मी.

खैरुद्दीन : गेला?

दौलत : गेला. बसा.

खैरुद्दीन : दौलत, तू रागावला आहेस, तर...

दौलत : बसा म्हनलं न्हवं. हा कागुद. हा कोळसा. लिवा.

खैरुद्दीन : आधी 'रहमत' शिक. थाळ सुरू करायचा आहे, चारच दिवस आहेत.

दौलत : न्हाई. आधी माझं नाव.

खैरुद्दीन : तुझा नाव तर आमचाच शब्द आहे. बारा साल तुला हाक मारतो, मला सुचला नाही. चार हर्फ. दाल, वाव, लाम, ते.

दौलत : टिंबं किती?

खैरुद्दीन : दोन. शेवटच्या हर्फवर.

दौलत : सावकाश लिवा. मी बघतुय.