डेटॉलात धुतलेली पट्टी

निनाद: म्हणून म्हणतो मावशी, आधी तोंड गोड कर माझं. तुझी गटाराची लाइन एकदम क्लीन निघाली!

नर्मदाबाई: निघणारच. एक्क्याण्णव सालापासून अबुधाबीत डबे करतेय, कुणाचं पोट दुखलं नाही. तुझ्या लॅबला ते गटारात डोकावून कळलं होय? लतिका, लाडू आण गं.

लतिका: हे घ्या, भाऊजी. पण सापडलं काय नक्की?

निनाद: वहिनी, इथले डबे जातात त्या लेबर कॅम्पात टायफॉइडच्या सात केसेस झाल्या. जंतू मिळाले कोपऱ्यावरच्या मॅनहोलमध्ये. तिथे दोनच किचनचं सांडपाणी येतं, संडासासकट, तुमचं आणि मैमुनाबीचं. दोन्हीकडच्या गटारात जंतू टिपायला तीन दिवस गॉझची पट्टी टांगून ठेवली. तिच्याकडची सुतळी तुटून पट्टी वाहून गेली, तुमची कोरी निघाली. मग राहिलं कोण? उद्या सकाळी मैमुनाबीचं किचन सील.

नर्मदाबाई: तेल ओतते बाई बिर्याणीत, पोहायला शिकावं इतकं.

निनाद: पण एवढी कोरी पट्टी मी जन्मात पाहिली नाही. डेटॉलचा वास येत होता. साहेब म्हणाले, हे गटार आहे की ऑपरेशन थिएटर?

नर्मदाबाई: येणारच वास. रोज सकाळी धूत होते ना मी!

निनाद: काय धूत होतीस?

नर्मदाबाई: ती चिंधी. माझ्या मागच्या दाराशी सुतळी लोंबतेय आणि टोकाला ही घाण! सरकारी वस्तू, म्हणून फेकली नाही. प्रल्हाद ड्रायव्हरकडून गटाराचं झाकण उचलून घ्यायचं, बाहेरच्या बादलीत खळखळून काढायची, होती तशी बांधायची. मग आंघोळ. तपासणारे काय म्हणतील, नर्मदाबाईच्या दारात असली लक्तरं?

लतिका: आई! अहो, ती घाणच तर तपासायची होती!

निनाद: खलास.

(स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते.)

नर्मदाबाई: म्हणजे जंतू माझ्याकडचेही असतील?

निनाद: असतील, नसतीलही. कुणाला पूर्वी टायफॉइड होऊन गेला, तर कधीकधी पोटात राहतात वर्षानुवर्षं. माणूस मात्र ठणठणीत.

नर्मदाबाई: लग्नाआधी झाला होता मला. एकवीस दिवस नुसत्या पेजेवर होते.

लतिका: आई, हे आपल्या तिघांतच राहू दे ना. रिपोर्ट तर आलाय.

नर्मदाबाई: गप्प बस. तिच्या बिर्याणीला नावं मी तिच्या तोंडावर ठेवीन. पण माझ्या धुण्यापायी तिच्या दाराला कुलूप? निनाद, लाव साहेबांना फोन. नवी पट्टी टांगा म्हणावं, बोटसुद्धा लावणार नाही.

निनाद: मावशी, मग निकाल येईस्तोवर दोन्ही किचन बंद राहतील. आणि तुझी स्टूल टेस्ट करावी लागेल.

नर्मदाबाई: करा काय करायचं ते. लतिका, गॅस बंद कर. आणि निनाद...

निनाद: काय गं?

नर्मदाबाई: तो लाडू ठेव खाली. मी वळलाय.