चार रंगांचं गंजकं मशीन

जव्हारच्या नाक्यावर जीप प्रवाशांनी भरायची बाकी होती. पुढच्या सीटवरच्या फरजानाला मागचं बोलणं ऐकू येत होतं.

"रविनावयनी, दुकान वाढलंय, तर छपाईचं ते सहा रंगांचं मशीन घ्यायचं. चकचकीत सोडून हे गंजकं चार रंगांचं कशाला?"

"त्याचे दांडे हलत होते गं. लाल एकीकडं, काळा भलतीकडं. याच्यावर दहा टीशर्ट छापले, रेघ तसूभर सरकली नाही."

"विकणारा तर हसत होता."

"नंतर तोच म्हणाला, 'कुठं शिकलीस?'"

"मग?"

"म्हटलं, भिवंडीच्या कारखान्यात पाच वर्षं मशीनं पुसली. छापायला हात लावू देत नव्हते. बघायला कोण अडवतंय?"

ड्रायव्हर मशीन टपावर चढवायला लागला.

"थांब रे!" फरजाना खाली उतरली. "वर आदळेल ते. माझ्या जागेवर ठेव, मी मागं बसते."